स्क्रीनशॉट मी टाकला, पुढचं लोकांनी केलं

प्रश्न: ओळखीतल्या एकाने व्हीलचेअरवरच्या लोकांवर फार घाणेरडा जोक पोस्ट केला. माझा भाऊ व्हीलचेअर वापरतो, त्यामुळे माझी सटकलीच आणि मी स्क्रीनशॉट काढून 'बघा हा नीच माणूस' असं लिहून टाकला. सकाळी बघते तर हजारो शेअर, कुणीतरी त्याच्या ऑफिसला टॅग केलेलं, आणि डीपीत त्याच्या खांद्यावर त्याची छोटी मुलगी बसलीय तर लोक तिच्यावर पण घसरलेले. आता त्याची नोकरी गेलीय. मी फक्त स्क्रीनशॉट टाकला ना, बाकीचं लोकांनी केलं!

उत्तर: राग यायलाच हवा होता, जोक घाणच होता. पण ते 'मी फक्त' काही मला पटत नाही, कारण प्रत्येकजण तेच म्हणतो, शेअर करणारा पण आणि टॅग करणारा पण. 2017 मध्ये ब्रेडी नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी लाखो ट्वीट तपासले, तर नैतिक संतापासारख्या भावनेचा एकेक शब्द वाढला की ट्वीट पसरायचं प्रमाण साधारण 20 टक्क्यांनी वाढत होतं. तुमचा तो 'नीच' त्यातलाच (राग आल्यावर शब्द कोण मोजतं म्हणा).

गंमत पुढे आहे. सावाओका आणि मोनँ या मानसशास्त्रज्ञांच्या 2018च्या अभ्यासात एकट्याने झापलेलं लोकांना योग्य वाटलं, पण तशीच कमेंट गर्दीत दिसली की ती दादागिरी वाटायला लागली आणि चूक करणाऱ्याचीच जास्त दया आली. म्हणजे तुमच्या भावाचा मुद्दा राहिला बाजूला, आता सगळे त्या माणसाच्या नोकरीवर बोलणार.

एखाद्या मंत्र्याने असलं लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं बिनधास्त टाका, त्याच्या हातात सत्ता असते. हा ओळखीतला होता, तुम्ही आधी त्याला फोन किंवा मेसेज करू शकत होता.

आता आधी पोस्ट काढा. फिरायचं ते फिरणारच, तरी काढा, त्या मुलीसाठी काढा. नोकरी घालवा असं मी म्हटलं नव्हतं, हे त्याच्या ऑफिसला लिहून कळवा. त्यामुळे त्याला परत कामावर नाही घेतलं तरी कळवा. जोकवर चिडलात म्हणून मात्र त्याची माफी मागायची काही गरज नाही.

आणि हो, तुमच्या भावाला विचारलंत का? एवढं सगळं त्याच्यासाठी झालं, आणि पत्रात त्याचं म्हणणं कुठेच नाहीये.