‘समजतं सगळं, पण गणित सुटत नाही’
अकरावी सायन्सची पहिली युनिट टेस्ट झाली की हे वाक्य माझ्याकडे येतं, बहुतेक वेळा आईच्या तोंडून. या वेळी पुढे जोड होती. "दहावीला मराठी माध्यमातून ९१ टक्के मॅडम, आणि आता म्हणते आर्ट्सला जाऊ दे." मुलगी दप्तर मांडीवर घट्ट धरून बसली होती. आईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

"मी ढ आहे," ती म्हणाली.

समुपदेशकाने शिकवणी घेऊ नये, हे मला मान्य आहे. पण या कामात येण्याआधी मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. म्हटलं, वही दाखव. एका पानाला खोडून खोडून भोक पडलं होतं.

गणित नेहमीचंच. गुळगुळीत टेबलावर १ किलो आणि ३ किलोच्या दोन गाड्या, मध्ये दाबलेली हलकी स्प्रिंग, सगळं दोऱ्याने बांधलेलं. स्प्रिंगमध्ये २४ ज्यूल ऊर्जा. दोरा कापल्यावर गाड्यांचे वेग किती?

"मी १२-१२ ज्यूल वाटले. एकच स्प्रिंग दोघींना ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम. मग सारखंच मिळणार ना?"

आता यात ढ असण्यासारखं काय आहे? पोरगी विचार करून चुकली होती. सारखं मिळतं हे खरंच, पण काय सारखं मिळतं? बल सारखं, ते लागण्याचा वेळ सारखा, म्हणून संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, सारखा आणि दिशा उलट. ऊर्जेचा हिशेब मात्र अंतराशी बांधलेला, आणि हलकी गाडी तेवढ्याच वेळात तिप्पट सरकते.

"संवेग म्हणजे मोमेंटमच ना?" तिने हळूच विचारलं. नववीत संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत तोंडपाठ होता, आता वर्गात चार महिने नुसतं मोमेंटम. दोन्ही एकच हे तिला माहीत होतं, "पण तसं वाटायचं नाही."

लहान मुलांसाठी ठेवलेल्या खेळण्यातल्या दोन गाड्या खणातून काढल्या. एकीवर रबरबँडने पेन्सिल सेल बांधले. कपड्याच्या चिमट्याची मागची टोकं दाबून दोऱ्याने बांधली, चिमटा दोघींच्या मध्ये आडवा ठेवला आणि कात्री तिच्या हातात दिली. दोरा तुटला तशी रिकामी गाडी थेट कपाटाखाली गेली. सेलवाली एक फरशीसुद्धा ओलांडू शकली नाही. गाडी काढायला ती पोटावर झोपली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

मग तिनेच लिहिलं. आधी संवेगांची बेरीज शून्य, नंतरही शून्य, म्हणून हलकीचा वेग तिप्पट. ते ऊर्जेत घातल्यावर हलकी सेकंदाला ६ मीटर, जड २ मीटर. ऊर्जा १८ आणि ६. बेरीज २४.

एका गणिताने भीती जात नाही, हे आईंनाही सांगितलं. शाखा बदलायचं दिवाळीनंतर बघू, तोवर घरात तो विषय नको. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

पुढच्या खेपेला मीच खोडी काढली. त्याच गाड्या, पण बांधलेल्या अवस्थेतच सेकंदाला २ मीटरने पळताहेत, हलकी पुढे. आता दोरा तुटला तर? तिने बराच वेळ घेतला. हलकी ८ मीटर. जडचा वेग शून्य आला. तिने खोडरबर उचललं, सगळं पुसलं, पुन्हा मांडलं. पुन्हा शून्य. मग बाजूला ऊर्जा तपासली. पळण्याची ८, स्प्रिंगची २४, मिळून ३२. एकट्या हलकीचीही ३२.

"म्हणजे मागची गाडी जागच्या जागी थांबणार?" असं विचारून तिने माझ्या उत्तराची वाट न बघता शून्याभोवती चौकोन काढला.