हौशी नोंदी आणि तळ्याकाठचे बेडूक

प्रश्न : घराजवळच्या तळ्याकाठी दिसणारे बेडूक व साप यांच्या नोंदी ठेवाव्यात असे वाटते, परंतु मला प्रजाती ओळखता येत नाहीत. अशा हौशी नोंदींचा अभ्यासकांना उपयोग होतो का, आणि त्यासाठी प्राणी पकडावा लागतो का?

उत्तर : उपयोग होतो, आणि पकडावा तर मुळीच लागत नाही. ओळख पटवण्याचे काम जाणकार करतात. तुमच्याकडून हवे असते ते छायाचित्र, तारीख, वेळ आणि नेमके ठिकाण. बेडकांच्या बाबतीत छायाचित्राहून आवाज बहुधा अधिक भरवशाचा ठरतो, कारण नराची साद प्रजातीनुसार बदलते. ऑस्ट्रेलियन म्युझियमने २०१७ मध्ये सुरू केलेला ‘फ्रॉगआयडी’ हा उपक्रम नागरिकांनी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेल्या अशा सादांवरच उभा आहे. एकाच तळ्यावर वारंवार जाऊन ‘आज काहीच आढळले नाही’ असेही लिहून ठेवावे. ही कोरी नोंद पुष्कळांना निरर्थक वाटते, पण प्रजाती घटते आहे की नाही, हे तिच्याशिवाय नीट कळत नाही.

बेडूक ओलसर त्वचेतूनही श्वास घेतो आणि बेडकांना जीवघेणा रोग जडवणारी कायट्रिड बुरशी नेमकी त्याच त्वचेत वाढते. बुटांच्या तळव्यांना चिकटलेल्या ओल्या चिखलाबरोबर ती एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाऊ शकते, म्हणून बूट घासून, निर्जंतुक करून पूर्ण वाळवावेत. सापाचे छायाचित्र दुरूनच घ्यावे. डोके नीट दिसावे म्हणून त्याला काठीने डिवचणे हा आमच्या मते अभ्यास नव्हे, आगाऊपणा आहे. दुर्मीळ प्रजातीचे अचूक ठिकाण मात्र जाहीर करू नये, कारण त्याच नोंदीच्या आधारे तस्कर तेथे पोहोचू शकतात.