कॅमेरा आणि पाखरं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे छोट्या सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-३०० मिमी लेन्स आहे. भिगवणला होडीतून ऑस्प्रेचे, म्हणजे मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याचे, फोटो काढते. उडणारा पक्षी काळाकुट्ट येतो आणि बसलेला धुरकट. १५०-६०० घेऊ का?
– एक वाचक, बारामती

उत्तर : घ्या, पण घाई नको. तुमची दोन्ही दुखणी लेन्सची नाहीत.

धुरकट फोटो किती वाजताचे ते लिहिलेलं नाही, पण बहुतेक दहानंतरचे असावेत. ऊन चढलं की उजनी धरणाच्या पाण्यावरची हवा थरथरते, आणि ६०० लावली तर तीच थरथर आणखी मोठी होऊन दिसेल. भिगवणजवळच्या कुंभारगावहून उजाडताच निघा. नावाडी ‘चहा घेऊन जाऊ’ म्हणाला तर थर्मास होडीत न्या.

आता काळेपणा. पांढुरकं आकाश मागे आलं की कॅमेरा बिचकून सगळं चित्र अंधारं करतो. एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वाढवलं की पक्षी उजळतो खरा, पण तोच ऑस्प्रे खाली येऊन गडद पाण्यासमोर गेला की त्याचं पांढरं पोट जळून जातं. म्हणून मी सरळ मॅन्युअलवर जाते, म्हणजे एक्स्पोजरचे आकडे स्वतः ठरवते. सूर्य पाठीशी घ्यायचा, जवळच्या एखाद्या बगळ्यावर शॉट घेऊन पिसांचे तपशील टिकतात का बघायचं आणि आकडे तिथेच सोडायचे. मागे आकाश असो की पाणी, पक्ष्यावर पडणारं ऊन तेच असतं. शटर १/२००० सेकंद. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) १६०० झाला तरी चालेल. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर पुसता येतात, हललेला पंख नाही.

होडीत ट्रायपॉड निरुपयोगी. इंजिन बंद करायला सांगा, कोपर मांडीवर टेका, आणि बसलेल्या पक्ष्यालाही १/१००० च्या खाली जाऊ नका. ऑस्प्रे पाण्यावर एका जागी पंख मारत थांबला आणि पाय खाली सोडले की बटण दाबायला लागा. सूर मारतानाचा फोटो हुकला तरी हळहळू नका, खरी गंमत नंतर आहे. मासा पंजात, डोकं पुढे करून धरलेला, असा तो जड उडत बुडालेल्या बाभळीच्या एखाद्या खुंटाकडे जातो. सहसा ठरलेल्याच. तो खुंट नावाड्याला माहीत असतो. तिथे अंतर राखून आधीच थांबलात तर ३०० सुद्धा पुरते. क्रॉप सेन्सरवर ती साधारण ४५० सारखीच दिसते. आणि बसलेल्या पक्ष्याने विष्ठा टाकली की कॅमेरा डोळ्याला लावा, तो बहुधा उडणार.

एवढं जमल्यावर १५०-६०० घ्या. वजन दोन किलोच्या आसपास, तेव्हा दुकानात दहा मिनिटं हातात धरून बघा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या कडुनिंबावर शिक्र्याचं (छोट्या शिकारी पक्ष्याचं) घरटं आहे. गच्चीवरून अगदी समोर दिसतं. फोटो काढू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गच्चीवरून नको. मादी ‘की-की’ करत उठली तर अंडी उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याचं घरटं छेडणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. घरातल्या खिडकीतून, पडद्याआडून ती बिथरत नसेल तर एखाद-दुसरा फोटो घ्या. मात्र पिल्लं उडून जाईपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका; दुसऱ्या दिवशी गच्चीत जत्रा भरेल.