बारोलोचा रंग फिका का?

प्रश्न : कामानिमित्त इटलीत तुरीनला गेलो होतो. यजमानांनी आपुलकीने बारोलो या तिथल्या लाल वाइनची २०१९ची बाटली उघडली. रंग इतका फिका आणि कडेला विटकरी, की पेल्यातून पलीकडचं टेबलक्लॉथ दिसत होतं. पहिल्याच घोटाला मात्र जीभ आणि हिरड्या कोरड्या पडल्या. विचारायचा धीर झाला नाही. बाटली खराब होती, की वाइनमध्ये पाणी मिसळलेलं होतं?

उत्तर : दोन्ही नाही. यजमानांबद्दलची शंका आधी मनातून काढून टाका. बारोलो फक्त नेब्बिओलो या एकाच द्राक्षाची करायची, असा नियम आहे. रंग चढवायला दुसरं द्राक्ष चालत नाही.

रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीतून उतरतात, म्हणून जितकी गडद तितकी तुरट असं आपण धरून चालतो. नेब्बिओलोच्या सालीत टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, भरपूर असतं. रंगद्रव्यं मात्र कमी, आणि तीही लवकर उडणारी.

माझाही हा समज बारोलोच्या मुलखातल्या ला मोरा गावात ऑक्टोबरच्या तोडणीत फिटला. दरीत धुकं साचलेलं, वर उतारावरच्या वेलींवर ऊन. (धुक्याला इटालियनमध्ये ‘नेब्बिया’ म्हणतात, द्राक्षाचं नाव त्यावरूनच पडलं असं तिथे सांगतात.) बागेच्या मालकीणबाईंनी एक मणी माझ्या हातावर ठेवला. म्हणाल्या, ‘गर गिळून टाका, साल चावत राहा.’ मिनिटभरात गाल आतून दातांना चिकटल्यासारखे झाले. बोटांवर डाग पडला होता तो जेमतेम गुलाबी.

टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंडातला ओलावा हरवतो. बिनदुधाच्या कडक चहाने होतं तसंच, पण कितीतरी जोरात. म्हणूनच बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात. म्हणजे तुमची २०१९च्या तोडणीची वाइन २०२३च्या जानेवारीआधी बाजारात येऊच शकत नव्हती. माझ्या मते तरीही ती कोवळीच. ला मोराची असेल तर लवकर मवाळ होते. सेर्रालुंगा किंवा मोनफोर्ते या तिथल्याच दुसऱ्या गावांची असेल, तर मी दहा वर्षं तिला हातही लावणार नाही.

तुम्ही ती जेवणाआधी, नुसतीच घेतलीत का? मग तोंड कोरडं पडणारच. पिएमोन्तेत, म्हणजे तुरीनच्याच प्रांतात, बारोलोतच मंद आचेवर शिजवलेलं गोमांस, ‘ब्राझातो’, करतात. त्याच्या घासाबरोबर टॅनिनला धरायला मांसातली प्रथिनं मिळतात आणि तीच वाइन एकदम सौम्य लागते.

आणि पुढच्या वेळी रंगाकडे बघण्याआधी पेल्यात नाक घाला. आधी गुलाब येईल, मागून डांबर. हा वास मला दुसऱ्या कुठल्याच द्राक्षात इतका स्पष्ट सापडलेला नाही.