प्रॅक्टिस सोडायच्या आधी हे वाच

अगं पोरी,

रात्री पावणेबाराला तुझा मेसेज, "सर प्रॅक्टिस सोडते, आता फुलटाइम राजकारण". सनद मिळून दोन वर्षं नाही झाली तुला. वर दादासाहेब मावळंकरांचं उदाहरण दिलंस म्हणून लिहितोय, नाहीतर फोनवरच झापलं असतं.

तुला त्यांचं १९५२ दिसतं, लोकसभेचे पहिले अध्यक्ष, शंकरराव मोरे विरोधात उभे होते आणि मतं ३९४ विरुद्ध ५५. मला १९१३ दिसतं, तेव्हा अहमदाबादला वकिली सुरू केली त्यांनी (घराणं मूळचं रत्नागिरीकडचं, जन्म बडोद्याचा). मग १९१९ ला म्युनिसिपालिटीत निवडून गेले, पुढे तिथलेच अध्यक्ष झाले, मध्ये तुरुंगवाऱ्या झाल्या आणि १९३७ ला मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. म्हणजे वकिली सुरू केल्यापासून चोवीस वर्षं गेली बघ, आणि तू दोन वर्षांत कंटाळलीस.

१९४६ ला दिल्लीच्या सेंट्रल असेंब्लीत, म्हणजे तेव्हाच्या केंद्रीय कायदेमंडळात, अध्यक्षपदाची निवडणूक झाली, ब्रिटिश सरकारचा पाठिंबा समोरच्या कावसजी जहांगीरांना होता, तरी मावळंकर ६६ विरुद्ध ६३ ने आले, फक्त तीन मतं गं, आणि मग ज्या ६३ जणांनी नको म्हटलं त्यांचंही त्याच खुर्चीत बसून ऐकायचं. मला वाटतं ही सवय कोर्टातच लागते, समोरच्या वकिलाचं आर्ग्युमेंट पूर्ण ऐकल्याशिवाय आपलं उभंच राहत नाही. तू मात्र समोरचा बोलायला लागला की मोबाइल काढतेस, परवा जजसाहेबांनी पाहिलंय.

आणि ते स्वतः काँग्रेसचे, तरी नेहरूंना पत्रं लिहून सांगितलं की ऊठसूट वटहुकूम काढणं बरं नाही, संसद कशाला आहे मग. उलट १९५४ च्या डिसेंबरात विरोधकांनी त्यांनाच अध्यक्षपदावरून काढायचा ठराव आणला, तो फेटाळला गेला ते सोड, पण बघ, दोन्हीकडून ऐकून घ्यायची तयारी लागते.

नगरपालिकेला उभी राहा की, नको कोण म्हणतंय, सकाळी वॉर्ड आणि अकरा वाजता कोर्ट, जमतं. फक्त वकीलपत्र मागे घेऊ नकोस. सोमवारी बोर्डावर आपलं मॅटर सातव्या नंबरला आहे, उलटतपासणी तू घेणार आहेस, साक्षीदाराचा जबाब आजच वाचून ठेव.