अर्धा अधिक एक तृतीयांश

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. अकरावीला गणित ठेवू की सोडू, हा प्रश्न तू शेवटच्या दोन ओळींत विचारलास. त्याआधीची सगळी पानं धाकट्या भावाबद्दल आहेत. जेवायला हाक मारली तरी तो उदाहरण सोडून उठत नाही आणि तुला मात्र वही उघडली की पोटात गोळा येतो. घर एक, शाळा एक, आईबाबा तेच. मग हा फरक आला कुठून? ‘माझ्या डोक्यातच काही कमी आहे का’ असं लिहून तू ते खोडलंस, पण खोडलेलं वाचता येतं.

आधी त्याचंच उत्तर देतो. माणसामाणसांत उपजत फरक असतात, हे मी नाकारणार नाही. शंभरातल्या साधारण तीन ते सात मुलांना डिस्कॅल्क्युलिया असतो. दोन संख्यांतली मोठी कोणती हेही त्यांना चटकन जाणवत नाही, घड्याळ आणि सुटे पैसे यांत ती अडखळतात. अशा मुलांची रीतसर तपासणी व्हायला हवी. आपलं राज्य मंडळ त्यांना परीक्षेत सवलतीही देतं. पण तूच लिहिलं आहेस की महिन्याचा किराणा तू आणतेस आणि दुकानदाराने बिलात जास्तीचे लावलेले चाळीस रुपये तू तिथल्या तिथे पकडलेस. डोक्यात काही कमी असतं तर ते चाळीस रुपये सापडले नसते.

दुकानातली तू आणि वहीपुढची तू, या दोघींत काय वेगळं आहे? यावर १९८५ साली एक फार सुंदर अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर फळं-भाज्या विकणाऱ्या पाच मुलांकडे संशोधक गिऱ्हाईक म्हणून गेले. बारा वर्षांच्या एका मुलाला विचारलं, एक नारळ पस्तीसचा, तर चार नारळांचे किती? तो म्हणाला, तीनांचे एकशेपाच, त्यात तीस घातले की एकशेपस्तीस, म्हणजे एकूण एकशेचाळीस. त्याच मुलाला नंतर कागदावर ३५ × ४ करायला दिलं. त्याने शाळेत शिकवल्यासारखं ‘चार पंचे वीस, हातचे दोन’ केलं, ते दोन आधीच तीनमध्ये मिळवले, पाच झाले, पाच चोक वीस, आणि उत्तर लिहिलं २००. पाचही मुलांचं असंच. रस्त्यावर शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर, कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत जेमतेम सदतीस.

मला यात एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाडीवर उभं असताना उत्तर बरोबर आहे की नाही हे त्या मुलाला ठरवावं लागत होतं, कारण चुकलं तर पैसे त्याचे जाणार होते. कागदावर ते ठरवणं दुसऱ्या कोणाचं तरी काम होतं. इतकी वर्षं शिकवून माझी खात्री झाली आहे की गणित आवडणारे आणि गणिताला घाबरणारे यांच्यातली खरी सीमारेषा इथेच असते. आपलं उत्तर बरोबर आहे हे ज्याला सरांकडे न बघता कळतं, त्याला गणितात घर मिळतं. ज्याला दर वेळी मान वर करून विचारावं लागतं, त्याचं कायम परक्याच्या दारात उभं राहणं होतं, आणि तिथे कोणाला करमेल?

आता तू सोबत पाठवलेला चाचणीचा पेपर बघू. गणित भाग १, बीजगणित. शाळेतल्या सरांनी समीकरणाला लाल फुली मारली आहे, पण समीकरण तू अगदी नीट मांडलं आहेस. गाडी घसरली ती मधल्या एका ओळीत: १/२ + १/३ = २/५. वर वर मिळवले, खाली खाली मिळवले. या ओळीकडे जरा निवांत बघ. अर्ध्यात काहीतरी भर घातली, आणि उत्तर आलं दोन पंचमांश. दोन पंचमांश म्हणजे ०.४. अर्ध्याहून कमी! खिशात पन्नास रुपये असताना आणखी तेहेतीस मिळाले आणि मोजले तर चाळीसच भरले, असं दुकानात झालं असतं तर तू दुकान डोक्यावर घेतलं असतंस. पेपरात तू पुढच्या ओळीवर गेलीस, कारण तुझ्या लेखी तिथे १/२ ही संख्या नव्हती, ते दोन आकडे आणि मधली रेघ होती.

तुझ्या भावाच्या हातूनही अशी चूक होते, मी बघितलं आहे. फरक इतकाच की ती त्याला खुपते. तो मान तिरकी करतो, ‘हे कसं होईल’ म्हणतो आणि खोडतो. ही जाण त्याला आली कारण पाचवी-सहावीत अपूर्णांक चालू असताना त्याला कोणीतरी कागदाच्या घड्या घालू दिल्या. तू त्याच इयत्तेत होतीस तेव्हा कावीळ होऊन घरी होतीस आणि परत आलीस तेव्हा वर्ग दशांश अपूर्णांकांवर पोहोचला होता. हेही तुझ्याच पत्रात आहे, फक्त दुसऱ्या कशाच्या तरी ओघात. गणितात विणकामासारखं होतं. खाली एक टाका निसटला तरी वर विणता येतं, पण ओढ बसली की नेमकं तिथेच उसवतं, आणि विणणारी वरच्या ओळीला दोष देत बसते.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची वर्षानुवर्षं ठेवलेली माहिती तपासून २०१२ साली रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दहाव्या वर्षी मुलाला अपूर्णांक आणि भागाकार किती समजले आहेत, यावरून माध्यमिक शाळेतलं त्याचं बीजगणित आणि एकूण गणित कसं असेल याचा अंदाज येतो. घरची मिळकत, आईवडिलांचं शिक्षण, मुलाची बुद्धिमत्ता हे सगळं हिशेबात धरूनही हा धागा टिकतो.

आपल्या मराठी मुलांची पहिली अडखळ तर त्याहून लवकर, दुसरीतच होते. लिहायचं ५३, पाच आधी. म्हणायचं त्रेपन्न, तीन आधी. एकोणसाठ ऐकल्यावर कानात साठ वाजतं आणि लिहायचा असतो पाच. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं, तेव्हा वाद थेट विधानसभेत गेला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की हे लहान मुलांच्या सोयीसाठी आहे. माझं मत त्यांच्या बाजूने आहे. पहिल्याच वळणावर ‘मला येत नाही’ असं वाटलं की ते वाटणं पुढे फार चिवटपणे टिकतं.

त्या वाटण्याबद्दलही सांगतो, कारण तुझ्या पोटातला गोळा खरा आहे. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये दाखवलं की गणिताची भीती वाटत असताना माणसाची कार्यस्मृती, म्हणजे हातचे लक्षात ठेवून पुढचं करण्याची मनातली जागा, आक्रसते. भीतीच ती जागा अडवून बसते. म्हणजे भीतीमुळे चूक होते आणि चुकीमुळे भीती वाढते. तुझ्या घरात ‘आपल्याकडच्या मुलींना गणित जमत नाही’ असं सहज बोललं जातं ना? आई प्रेमाने, तुला बरं वाटावं म्हणून म्हणते, हे मला कळतं. पण अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या वर्गांवर २०१० साली झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की शिक्षिकेलाच गणिताची धास्ती असेल, तर ‘गणित मुलांचं’ हा समज वर्षअखेर मुलींत वाढतो, आणि ज्यांनी तो उचलला त्याच मुलींचं गणित मागे पडतं. मरियम मिर्झाखानी ही इराणी गणिती तेहरानच्या शाळेत असताना एका वर्षी गणितात मागे पडली होती. हिच्यात विशेष काही नाही असं शिक्षिकेला वाटलं आणि तिचा धीरच खचला. पुढच्या वर्षीच्या शिक्षकांनी तो परत दिला. २०१४ साली फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च समजला जाणारा सन्मान, मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. आईला हे वाचून दाखव, आणि ते वाक्य घरात नको असं स्पष्ट सांग.

घाईबद्दलही तू लिहिलं आहेस: वर्गात तुझी आकृती काढून होईपर्यंत इतरांची उत्तरं आलेली असतात. लोरां श्वार्त्झ हा फ्रेंच गणिती शाळेत स्वतःला मठ्ठ समजायचा, कारण कोणतीही गोष्ट पुरती समजल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नसे आणि त्यात वेळ जाई. १९५० साली त्याला फील्ड्स पदक मिळालं. आपण हळू होतो आणि आहोत, असं त्याने आत्मचरित्रात मोकळेपणी लिहून ठेवलं आहे. परीक्षेला वेळेचं बंधन असतं, त्याची तयारी वेगळी करू. समजून घेताना मात्र घड्याळ उलटं ठेव.

पाठांतराला नावं ठेवायची आता पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. तुझ्या पणजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे, पाठ केले होते, आणि बाराचे पाऊणपट नऊ हे त्यांना विचार न करता यायचं. त्यामुळे मनातली ती अपुरी जागा खऱ्या विचाराला मोकळी राहायची. तुझे तेरा ते एकोणीसचे पाढे कच्चे आहेत. ते पक्के कर. यात मी सूट देणार नाही.

आणि रोज थोडा वेळ असं गणित कर ज्याला गुण नाहीत. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांकडे गणितातली मोठी पदवी नव्हती, काही गणिती त्यांच्या आकड्यांच्या नादाला हसायचे, तरी त्यांनी १९४९ साली सांगितलेला ६१७४ आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जातो. चार आकडी संख्या घे, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लाव, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली वजा कर, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. त्यांचं जन्मसाल १९०५ घे: ९५१० − ०१५९ = ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. पुढे तोच येत राहतो. कुठूनही निघालीस तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत पोहोचतेस. १९०५ ला पुरते सात लागतात. यात लागते ती फक्त वजाबाकी. मधे कुठे चुकलीस आणि तरीही ६१७४ आला, तर ते कसं झालं असेल, याचा विचार भावाबरोबर कर. तो उड्या मारेल.

अकरावीचा निर्णय आज घेऊ नकोस, प्रवेशाला अवकाश आहे. महिनाभर पाचवी-सहावीचे अपूर्णांक परत कर. लाज वाटायचं कारण नाही, निसटलं तिथेच जायला हवं. प्रत्येक उदाहरणाआधी उत्तर साधारण किती येईल ते पेन्सिलीने लिही: अर्ध्याहून जास्त की कमी, एकच्या पुढे की मागे. मग सोडव. दोन्ही जुळत नसतील तर थांब आणि कोण चुकलं ते स्वतः शोध. मागच्या पानावरची उत्तरं तोवर बघायची नाहीत. उत्तर बरोबर आहे का असं मला विचारलंस तर मी सांगणार नाही. तुला ते बरोबर का वाटतं एवढंच विचारेन. महिन्यानंतरही मन दुसरीकडे ओढलं, तर खुशाल गणित सोड, मी एका शब्दाने अडवणार नाही.

जुनी पुस्तकं रद्दीत गेली असतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळतात. सहावीचं आधी उतरवून घे. जिथे अडशील त्या पानाचा फोटो पाठव, खाडाखोडीसकट.

तुझे सर