‘एवढं घातलंय, आता सोडायचं कसं?’

मी समुपदेशक. दिवाळी संपली की माझ्याकडे येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. तोवर मोबाइल, मैत्रिणी, उलट बोलणं असे विषय असतात. नोव्हेंबर लागला की दहावीच्या घरांना घाम फुटतो आणि खेळणाऱ्या मुलांचे आईवडील फोन करायला लागतात. खेळ कोणताही असो, प्रश्न दोन असतात, आणि एकच माणूस ते एका दमात विचारतो. ‘‘मॅडम, बोर्डाचं वर्ष आहे, खेळ बंद करावा का?’’ आणि लगेच, ‘‘पण एवढं घातलंय हो, आता सोडायचं कसं?’’

गेल्या महिन्यात हे चौथ्यांदा ऐकलं, तेव्हा शर्वरीची गोष्ट लिहायची ठरवली. तिची आणि घरच्यांची परवानगी आहे. नावं बदललीत, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. वही मात्र होती तशीच ठेवली आहे.

शर्वरी लातूरची, तेव्हा दहावीत. वडील बालाजीरावांचं खत-बियाण्यांचं दुकान, आई सुनीताताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पोरगी आठव्या वर्षापासून टेनिस खेळायची. १४ वर्षांखालच्या गटात नाव निघालं होतं. १६ च्या गटात गेली आणि पहिल्या-दुसऱ्या फेरीतच हरायला लागली. स्पर्धेच्या आदल्या रात्री हमखास पोट दुखायचं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. मग कुणीतरी माझं नाव सुचवलं.

पहिल्या भेटीत पाऊण तास बालाजीरावच बोलले. ‘‘पोरगी बोलंनाच गेलीय मॅडम. मी काय मारतो का, रागावतो का? बार्शीची पोर ऑलिम्पिकला जाती, मग लातूरची का नाही, तुम्हीच सांगा.’’

बार्शीची पोर म्हणजे प्रार्थना ठोंबरे. धाराशिवला लागून असलेल्या बार्शीतून निघून तिनं २०१४ मध्ये इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर दुहेरीत कांस्यपदक मिळवलं आणि २०१६ मध्ये त्याच जोडीनं ती रिओ ऑलिम्पिकला खेळली. बालाजीरावांनी पेपरातला तो फोटो कापून दुकानात लावला आणि त्याच ऑगस्टमध्ये पोरीला रॅकेट आणलं. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. ‘‘प्यायला पाणी नाही अन् ह्याला टेनिस सुचालंय,’’ असं गल्ली म्हणाली होती.

कबूल करते, पहिल्या भेटीनंतर मी मनात शिक्का मारून मोकळी झाले होते: स्वतःचं स्वप्न पोरीच्या खांद्यावर ठेवणारा बाप. बावीस वर्षं हे काम केल्यावरही असे शिक्के हाताशी तयार असतात.

दुसऱ्यांदा शर्वरी एकटी आली. ‘‘टेनिस आवडतं का?’’ हा प्रश्न मी कधीच विचारत नाही, त्याला मुलं आईबापांना हवं ते उत्तर देतात. मी विचारलं, ‘‘हरल्यावर सगळ्यात नकोसं काय वाटतं?’’

‘‘परतीचा रस्ता.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘सोलापूरहून निघालो की घाट चढेपर्यंत पप्पा गप्प असतात. तुळजापूरला मम्मी उतरून पायरीचं दर्शन घेते. तिथून पुढं पप्पा बोलायला लागतात.’’

‘‘रागावतात?’’

‘‘नाही. ‘होईल, पुढच्या वेळी होईल’ म्हणतात.’’

‘‘मग त्यात वाईट काय?’’

‘‘पुढच्या वेळी म्हणजे परत तेवढेच.’’

मी ‘तेवढेच कष्ट’ असं ऐकलं आणि पुढे गेले. मराठीत कष्टही अनेकवचनी आणि पैसेही. ती कशाबद्दल बोलत होती ते मला दोन भेटींनंतर कळलं, आणि याची रुखरुख अजून आहे.

तिसरी भेट आईवडिलांची. मला बालाजीरावांच्या डोक्यातलं चित्र बघायचं होतं, म्हणून विचारलं, ‘‘एकेरीत सानियाचा सगळ्यात वरचा क्रमांक किती होता?’’

‘‘एक!’’ त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही.

२७ होता, ऑगस्ट २००७ मध्ये. खेळाडू-मुलींच्या बहुतेक पालकांना हे ठाऊक नसतं, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते. २००५ मध्ये अठराव्या वर्षी सानियानं हैदराबादची डब्ल्यूटीए (म्हणजे महिला टेनिसच्या जागतिक संघटनेची) स्पर्धा जिंकली, त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत गेली. एकेरीत ग्रँड स्लॅमला, म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांत, त्यापुढे ती कधीच गेली नाही. मनगट दुखावलं, शस्त्रक्रिया झाली, दुखणं पुन्हा उलटलं. तिनं हळूहळू एकेरी सोडली आणि दुहेरी धरली. मिश्र दुहेरीची तीन ग्रँड स्लॅम जिंकली. मार्टिना हिंगिसबरोबर २०१५ चं विम्बल्डन, त्याच वर्षीची अमेरिकन ओपन आणि २०१६ ची ऑस्ट्रेलियन ओपन अशी आणखी तीन. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली. बालाजीरावांच्या मनातला ‘एक’ तो हा. शिडीच्या एका पायरीवर अडकलेल्या बाईनं शिडीच बदलली होती आणि त्यांना वाटत होतं ती सरळ वर चढत गेली.

एकेरीत जगातल्या पहिल्या शंभरात पोहोचलेली भारतीय महिला आजवर सानिया एकटीच. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य मिळवणाऱ्या, पुण्यात घडलेल्या अंकिता रैनाचा सर्वोत्तम क्रमांक १६०. आणि ‘१५ हजार डॉलरची स्पर्धा’ असं ऐकून डोळे विस्फारतात, पण ती सगळ्या स्पर्धेची मिळून रक्कम असते. त्यातून एकेका मुलीच्या वाट्याला येतं ते बहुतेक वेळा जाण्या-येण्यालाही पुरत नाही.

सुनीताताई पहिल्यांदाच बोलल्या. ‘‘मग सगळ्या पोरी करतात तरी काय?’’

मी त्यांना ऋतुजा भोसलेचं सांगितलं, बातमी तेव्हा ताजीच होती. श्रीरामपूरला जन्मलेली ही मुलगी अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली, तिथल्या संघातून खेळली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ असा गेला, तरी दोघांनी सुवर्ण आणलं. तेव्हा ती २७ वर्षांची होती.

‘‘म्हणजे शिकत शिकत पण खेळता येतं,’’ सुनीताताई म्हणाल्या.

‘‘म्हणजे आपला काही नंबर लागत नाही,’’ बालाजीराव म्हणाले. एकाच माहितीचे असे दोन अर्थ निघाले. मग ते चिडलेच. ‘‘अहो, सात वर्षांत किती गेले माहितीय का तुम्हाला? पुढच्या वेळी वहीच घेऊन येतो.’’

‘‘आणा,’’ मी म्हणाले. ‘‘शर्वरीलाही आणा.’’

त्यांनी आणली. लाल कापडी बांधणीची, दुकानात उधारी मांडतात तसली, त्याच गठ्ठ्यातली. टेबलावर ठेवून पानं उलटायला लागले. शर्वरी खिडकीकडे तोंड करून बसली होती. मान न वळवता म्हणाली, ‘‘पान एकसष्ट. सोलापूर. पाच हजार चारशे.’’

बालाजीरावांनी पान काढलं. सोलापूर होतं, ५,४०० होते.

‘‘तुला कसं माहिती?’’

‘‘मला सगळीच पाठ आहे. एकूण सहा लाख त्र्याऐंशी हजार. सोलापूरची मॅच बावन्न मिनिटांत हरले. मिनिटाला शंभराच्या वर पडले.’’ मग माझ्याकडे वळून, अगदी सरळ आवाजात: ‘‘सर्व्हिसला उभी राहिले की रिक्षाचं मीटर पळतं डोक्यात. डबल फॉल्ट झाला की मी मनात वजा करते.’’

खोलीत कुणी बोललं नाही. अशा वेळी समुपदेशकाला काहीतरी शहाणं बोलायची फार खाज सुटते. मी ओठ मिटून बसले. त्या दिवसातलं माझं सगळ्यात चांगलं काम तेच, असं मला वाटतं.

‘‘उधारीची वही वाटली तुला?’’ बालाजीराव कसंबसं म्हणाले.

‘‘तसलीच आहे की. दिवाळीत तुम्ही ती घेऊन बसता, एकेकाला फोन लावता. ‘किती दिवस झाले, कधी देतोस’ म्हणता. मला वाटायचं, एक दिवस माझं पण पान निघंल.’’

बालाजीरावांनी वही पुन्हा पहिल्या पानावर आणली आणि तिच्यापुढे सरकवली. वर ‘श्री’, खाली तारीख, ऑगस्ट २०१६. रॅकेट १,८५०. त्याखाली पेढे १२०.

‘‘पेढे कशाचे?’’ मी विचारलं.

‘‘त्या दिवशी हिनं लागोपाठ दहा बॉल नेटच्या पलीकडं टाकले होते. सगळ्या गल्लीत वाटले.’’ मग ते वाचतच सुटले. नांदेड, हिची चप्पल हरवली, नवी २२०. संभाजीनगर, उपान्त्य फेरी, आइस्क्रीम ९०. बार्शी, पाऊस आला, मॅच थांबली, भजी ६०.

‘‘भजी मला दिलीच नव्हती,’’ शर्वरी म्हणाली. ‘‘तुम्ही अन् मम्मीनंच खाल्ली. मला केळं दिलं.’’

सुनीताताई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या.

बालाजीराव मला म्हणाले, ‘‘मला डायरी लिहिता येत नाही मॅडम. मला हिशोबच लिहिता येतो.’’

या माणसाचा मी आठवडाभर बाळगलेला शिक्का तिथे पुसला गेला. त्यांच्यासाठी तो फोटोंचा अल्बम होता, पोरीसाठी सावकाराची चोपडी. वही एकच, अक्षर एकच. माझ्या गुरूंनी मला पहिला धडा हाच दिला होता: माणसाला घटना छळत नाही, तिचा त्यानं लावलेला अर्थ छळतो. इतकी वर्षं हे मी वर्गात शिकवलं, शिबिरांत सांगितलं. दोन अर्थ एका टेबलावर असे शेजारी ठेवलेले मात्र तेव्हाच पाहिले. आणि पोट का दुखत होतं, त्याला सोनोग्राफी का कामाची नव्हती, हेही कळलं. ती स्पर्धेला निघत नव्हती, हप्ता फेडायला निघत होती.

आता, तुमच्यापैकी ज्यांचा प्रश्न हाच आहे त्यांच्यासाठी.

गेलेला पैसा पुढच्या निर्णयात धरू नका. लातूरच्या माणसाला हे मी काय सांगावं? भाव येईल म्हणून घरात ठेवलेलं सोयाबीन काल कितीला पडलं होतं, याच्याशी आजच्या बाजाराला देणंघेणं नसतं. तोच माणूस पोरांच्या बाबतीत ‘एवढं घातलंय’ म्हणतो. प्रश्न एवढाच ठेवा: पुढच्या एका वर्षासाठी हे करायचं का, आणि केवढ्यात? जूनमध्ये रक्कम ठरवा, मुलांसमोर ठरवा. एकदा ठरली की वर्षभर तिचा उच्चार नको, हरल्यावर तर नकोच. मुलांना कळत नाही या भ्रमात राहू नका. तुमची कपाटातली वही त्यांनी वाचलेली असते.

परतीच्या रस्त्यावर सामन्याबद्दल बोलू नका. ‘पुढच्या वेळी होईल’ हेसुद्धा नको, कारण हरलेल्या मुलाला त्यात पुढची उधारी ऐकू येते. ‘जेवायचं कुठं?’ एवढा प्रश्न पुरतो. बोलायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी, आणि तेही मुलानं काढलं तर.

बोर्डाच्या वर्षी खेळ एकदम बंद करणाऱ्या पालकांशी माझं जुनं भांडण आहे. सात वर्षं रोज दोन तास पळणारं शरीर एका दिवसात खुर्चीला बांधलं की झोप जाते, चिडचिड वाढते, आणि वाचलेले दोन तास अभ्यासाला जातात असं मी फार कमी घरांत पाहिलंय. कमी करा, बंद करू नका. आठवड्यातून तीन सकाळी, जानेवारीनंतर स्पर्धा नाहीत, एवढं पुष्कळ. खेळाच्या सवलतीचे गुण किंवा सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण यांचे नियम क्रीडाशिक्षकांकडून नीट समजून घ्या, पण गुणांसाठी म्हणून पोराला कोर्टावर ढकलू नका. तीही वसुलीच.

मूल खेळाला कंटाळलंय की हिशोबाला, हे ओळखता येतं. गुण न मोजता, लहान पोरांबरोबर खेळायला सोडून बघा. तिथे चेहरा खुलला तर खेळ अजून जिवंत आहे. तिथेही जीव रमत नसेल तर सोडू द्या, आणि रागानं नको, पेढे वाटून सोडू द्या. पण जेवण तुटलं असेल, पाळी थांबली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. ‘जगून काय करू’ असं काही तोंडातून निघालं, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. माझ्या वेळेची वाट बघत बसू नका.

शर्वरीनं स्वतःच ठरवलं: मार्चपर्यंत स्पर्धा नाही, तीन सकाळी मैत्रिणीबरोबर दुहेरीचा सराव. दुहेरी का, तर ‘हरले तर अर्धेच’, असं म्हणाली. मी हसले, पण पोटदुखी पूर्ण गेलेली नाही हे त्यातून समजलं. आणखी चार-पाच भेटी लागल्या. बालाजीरावांना तुळजापूरनंतर गप्प बसणं अजून जड जातं. ते आता गाडीत भजनं लावतात.

अकरावीला तिनं सायन्स घेतलं नाही. लातुरात सायन्स न घेणं म्हणजे काय, हे लातूरकरांनाच कळेल. त्यावर एक वेगळा लेख लिहावा लागेल.

परवा बालाजीरावांनी व्हॉट्सअॅपवर एका पानाचा फोटो पाठवला. लाल वही तीच, अक्षर शर्वरीचं.

‘सोलापूर. दुहेरी. दुसऱ्या फेरीत हरलो, टायब्रेकमध्ये. पेट्रोल १,२००. भजी ८०, मी खाल्ली.’